अजगराला बांधलेली घोड्याची पट्टी

पट्टी उलगडत गेलो तसा वास वाढत गेला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या माझ्या टेबलावर आबासाहेबांचा पाळीव अजगर होता आणि त्याला आवळलेली पट्टी घोड्याच्या पायाला बांधतात ती, फलालीनची.

संस्थान विलीन झालं तसा आबासाहेबांचा रिसाला, म्हणजे घोडदळ, मोडला. घोडा सरकारजमा झाला. जयेंद्रगंजातल्या घरी उरला तो हा अजगर, पिल्लू असल्यापासून हातानं वाढवलेला.

"भाजला कसा?" मी विचारलं.

"सर्दी फार पडते आहे ना, डॉक्टर. पेटीखाली शेगडी ठेवली. तबेल्यात ठेवायचो तशी."

"पेटी पत्र्याची?"

"हो. हलला नाही तो. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. घोडा चटका बसला की लाथ झाडतो."

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, तो ती बाहेरून घेतो. पोटाखालचा चटका मात्र त्याला वेळेवर कळत नाही. भाजत असतानाही तो पडून राहतो. त्यात तूप लावून वर पट्टी. आत पू झाला होता.

विलीनीकरणानंतर इंदूरहून आलेले आमचे नवे साहेब दारातून डोकावले.

"डॉक्टर साब, ये डिपार्टमेंट गाय-भैंस के लिए है."

"जी सर. ड्यूटी के बाद देखूँगा," म्हटलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, मेलेली कातडी काढली, सल्फाची पावडर टाकली, कातडीखाली सलाईन दिलं. पेटीत पेंढ्याऐवजी धुतलेलं कापड घालायला सांगितलं. सापाची जखम भरते ती एकेक कात टाकता टाकता, सावकाश.

"घोडा असता तर मीच गोळी घातली असती," आबासाहेब म्हणाले. "याचं काय करू?"

"थांबा. कात टाकेपर्यंत जगला तर आशा आहे."

ते रोज टांग्यातून त्याला आणायचे, स्वतःच्या मिलिटरी कोटात गुंडाळून. एके दिवशी अजगराचे डोळे दुधाळ दिसले. कात जवळ आल्याची ती खूण. तसं सांगितल्यावर आबासाहेब हसले. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू.

कात सुटण्याआधीच तो गेला. जखमेतला पू रक्तात भिनला होता.

"सरकायचं होतं रे," आबासाहेब त्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुढे साप पाळणारा कोणीही आला की आधी एवढंच सांगायचो. शेगडी खाली नको, एका बाजूला आणि लांब ठेवा. दुसरी बाजू गार राहू द्या. ऊब देताना त्याला दूर जायला जागाही द्यावी लागते.