रमामावशीनं आईला दिलेला खो

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी रमामावशी न सांगताच हिंगोलीला आमच्या दारात उभी... जवळा बाजार गावाहून एसटीनं आली होती. "कमलला बघायला आले," एवढंच म्हणाली.

कमल म्हणजे माझी आई. तिच्या किडन्या जवळपास बंद पडल्यात. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नुसतं झोपवून ठेवू नका. खुर्चीतून उठणं-बसणं, अंगणात दोन-चार फेऱ्या, झेपेल तेवढं करू द्या. दम लागला, चक्कर आली की थांबवा.

पण आम्हीच घाबरायचो. ती जरा हलली की सगळ्यांचं एकच... "बस गं आई, पडशील!" वर्षभरात तिच्या पायातला जोरच गेला. संडासला जायचं तरी मला धरून उठवावं लागायचं. मग चूक कळली आणि मी व्यायामासाठी मागे लागले, तर ती तोंड फिरवायची. "आता काहून तकलीफ देऊन राहिली मला? झालं माझं."

मावशीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग मलाच विचारलं, "तुझी माय खो-खो खेळायची, ठाव हाय का तुला?"

मला नव्हतं ठाऊक. मी आईला कायम चुलीपुढं नाहीतर शिलाई मशीनवरच बघितलेलं...

मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. शाळेचं काळ्या मातीचं मैदान, कमरेला खोचलेले परकर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून औंढ्याला मॅचला गेलेल्या बारा पोरी. ढेकळात अनवाणी पळून आईच्या टाचा फुटायच्या म्हणे. "आन् ही रमी," आई म्हणाली, "खो द्यायची का बुक्की मारायची, कळायचंच न्हाई!" किती महिन्यांनी तिला असं हसताना बघितलं मी...

हसता हसता मावशी उठली. आईच्या खुर्चीमागे गेली. पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

आणि आई उभी! कुणाचा हात न धरता, खुर्चीवर हात न टेकता. तिचं तिलाच कळलं नाही. क्षणभर तशीच उभी राहिली, मग धपकन बसली. मी धावले, तर मावशीनं मला हातानंच थांबवलं. "दम लागला का गं कमल?"

"न्हाई," आई म्हणाली. मग म्हणाली, "अजून एकदा दे."

त्या दिवशी तीनदा झालं. डॉक्टरांना सांगितलं, तेही खूश. हळूहळू वाढवा म्हणाले. आता डायलिसिस नसेल त्या दिवशी दुपारी मावशीचा फोन येतो, स्पीकरवर. काल आठ वेळा उठली आई.

आणि आज सकाळी... ती एकटीच उठून बाथरूमकडे निघाली. मी सवयीनं मागे गेले, तर तिनं दार लोटून आतून कडी घातली. मी तिथंच उभी राहून रडत होते. आतून आवाज आला, "तिथं उभी राहू नको, च्या ठेव जा!"

डायलिसिस सुटलेलं नाही, सुटणारही नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण आईला सांभाळता सांभाळता ती कोण होती हे विचारायचंच राहून गेलं होतं आमचं. मावशी, तू आलीस ते लई बरं झालं गं...