नावाडणीचं गाणं

हे मी आजवर ह्यांनाही बोललेले नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. स्वस्थ बसवत नाही, एवढंच.

फाळणीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. लग्न होऊन मी अंबरनाथला आले. हे कारखान्यात अधिकारी. दिवसभर घरात करायचं काय? डोक्यात घेतलं — संगीत नाटक बसवायचं. गणपतीत, आमच्या बुवापाड्याच्या मांडवात, बायकांच्या दुपारच्या कार्यक्रमात. त्याआधी मी लिहिलं काय होतं? डोहाळजेवणाची गाणी. पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत. तबल्याच्या जागी उपडी घागर. जुन्या चादरी जोडून पडदा केला, त्यावर निळीने उल्हास नदी काढली — ती सांडलेल्या दौतीसारखी दिसायची.

आणि चाली? त्या सुचेचनात. जमना नसती तर सगळं तिथेच संपलं असतं. जमना म्हणजे दारोदार लेस आणि फिती विकणारी सिंधी बाई, निर्वासितांच्या कॅम्प एकमध्ये राहणारी, माझ्याच वयाची. एकदा पायरीवर बसून तिने माझी अडलेली ओळ ऐकली आणि सहज पुढे गायली. मराठी अर्धंमुर्धं. पण आवाज — कसा सांगू? नाटकातल्या नावाडणीचं मुख्य काम मी तिलाच दिलं. कॅम्पातून चालत यायची, ‘ळ’ घोटत बसायची, मला ‘भेण’ म्हणायची. भेण म्हणजे बहीण.

तालमीला गल्लीतल्या बायका दारात जमायच्या. माझे संवाद चालू असले की आपसांत बोलायच्या. ती गायला लागली की गप्प. मला दिसत होतं ते. शब्द माझे, पडदा माझा — आणि बघायचं सगळ्यांनी तिच्याकडे?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती तालमीला आली. मी म्हणाले, “जमना, मंडळातल्या बायका नको म्हणतायत.”

“काय नको?”

“तू.”

“मी सिंधी, म्हणून?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

कुणी काही म्हटलं नव्हतं. एकीनेही नाही. कुणीतरी कुजबुजलं असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले — नाही. ते मी बनवलं.

वाटलं, रडेल, भांडेल. ती पेटीपाशी बसली. “मग तू गा, भेण. ती वरची जागा चुकते तुझी. ये.” संध्याकाळपर्यंत शिकवत राहिली. आणि मी — शिकले.

दुसऱ्या दिवशी मी गायले. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. संपल्यावर दोघीतिघी जवळ आल्या. “लेसवाली का नाही हो आली? तिचं गाणं ऐकायला तर आलो आम्ही.” मी म्हटलं, आजारी आहे.

जमना पुन्हा आमच्या गल्लीत फिरकली नाही. सगळा बुवापाडाच टाकला तिने. विकायला पार बदलापूर गावापर्यंत जाते, असं कानावर आलं. मी दुसरं नाटक लिहायला बसायची, उठायची, पुन्हा बसायची.

पुढे एकदा कॅम्पच्या बाजारात ती दिसली. फळी टाकून दुकान मांडलं होतं. धावत आली, हात धरला, चहा मागवला. मराठी आता छान बोलत होती. मग हळूच म्हणाली, “भेण, त्या बायकांचा राग गेला का गं?”

खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली होती?

“अजून नाही,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि गिऱ्हाइकाला लाल फीत दाखवायला वळली.