दुसऱ्या फोनवरचा होकार

त्या दिवशी दुसरा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. स्क्रीनवर ह्यांचंच नाव होतं. पहिला फोन थोड्या वेळापूर्वी येऊन गेला होता आणि त्यावर मी ठरल्याप्रमाणे खणखणीत आवाजात 'नको' म्हणून सांगितलं होतं. आता ठरल्याप्रमाणे 'हो' म्हणायचं होतं. ह्यांना बोलूही न देता मी म्हणाले, "घ्या मग! पण घरी आल्यावर माझ्याशी बोलू नका." पलीकडून नगरचे जुन्या मशिनरीचे व्यापारी करीमभाई अगदी हळू बोलले, "वहिनी... मी बोलतोय. भास्करशेठ बसल्या जागी कोसळले. दवाखान्यात न्हेतोय. तुमी निघा." मी कोल्हारहून नगरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मिलिंग मशीनचा सौदा अर्धाच राहिला आणि माझा तो होकारही ह्यांच्या कानापर्यंत गेला नाही. ह्यांनी माझ्या तोंडून शेवटचं ऐकलं ते 'नको'. खोटं खोटं का असेना, तेच.

कोल्हारला मनमाड रस्त्यालगत आमचं वर्कशॉप. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, उसाच्या ट्रॉलीचे तुटलेले भाग, काय वाटेल ते हे करून द्यायचे. कामात कुणाला ऐकायचे नाहीत, पण व्यापाऱ्यासमोर बसले की ह्यांचं अवसान गळायचं. मशीन आवडलं की ते चेहऱ्यावर लगेच दिसायचं. मुलगी बघायला गेलेला मुलगा पोहे खाताना जसा आत-बाहेर बघत राहतो, तसे हे त्या मशीनकडे बघत राहायचे. व्यापाऱ्याला आणखी काय हवं? तो सांगेल त्या आकड्याला हे मान डोलवायला तयार.

पहिलं लेथ मशीन घेतलं तेव्हा मी सोबत होते, तेही नगरला कापड घ्यायचं म्हणून. करीमभाईंच्या गोदामात शिरलो. त्यांनी आकडा सांगितला, आणि आमचे हे 'बरं' म्हणण्याच्या बेतात दिसले तशी मी ह्यांची बाही ओढली. "नको हो," मी म्हणाले, "एवढे पैसे आणायचे कुठून? चला घरी." डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. करीमभाई गडबडले. चहा मागवला आणि भाव उतरवला. मी तरीही मान हलवत राहिले, त्यांनी आणखी उतरवला. परतताना एसटीत हे अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असे हसत होते. "अगं, तू तर माझ्यापेक्षा पक्की निघालीस!" मी म्हटलं, "अहो, मी खरंच घाबरले होते." "तेच तर! पुढच्या वेळीही अशीच घाबर."

पुढे मोबाईल आले आणि मला न्यायचीही गरज उरली नाही. हे व्यापाऱ्यासमोर फोन स्पीकरवर टाकायचे. "अगं ऐकतेस का, ड्रिल मशीन बघितलंय, भाव असा असा म्हणतायत." मशीन कितीही चांगलं असो, भाव कितीही कमी असो, पहिल्या फोनला मी नको म्हणायचं, हा आमचा नियम. मग हे कपाळाला हात लावून बसायचे, व्यापारी चहा मागवायचा, भाव उतरायचा. "आता परत विचारून बघतो" म्हणत दुसरा फोन लावायचे, आणि त्यावर मी कुरकुरत होकार द्यायचा.

मी तेव्हा शाळेत शिकवायचे. एकदा स्टाफरूममध्ये हा फोन आला. "नको म्हणजे नको! ते मशीन दारात आणलंत तर मी माहेरी जाईन!" मी ओरडले. फोन ठेवला तर सगळ्या बाई माझ्याकडे बघतायत. मला चवथीतल्या पोरांनाही धड रागावता यायचं नाही, मंडईत कोथिंबिरीची जुडी म्हणतील त्या भावाने घेणारी मी... पण बाजारात माझा दरारा होता. "वहिनींचा मूड कसाय आज?" असं विचारून व्यापारी आकडा सांगायचे म्हणे. करीमभाईंकडून ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, 'खास वहिनींसाठी'. लाचच ती! हे तो डबा माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "खा, पण विरघळू नकोस." आणि निम्मा स्वतःच संपवायचे.

ह्यांना जाऊन दोन महिने होत आले. आमचा कारागीर दुसरीकडे लागला, वर्कशॉपला कुलूप आहे. लेक पुण्याहून रोज फोन करते, जेवलीस का विचारते. माझा फोन वाजत नाही असं नाही. पण घरात काय घ्यायचं, काय नाही, हे मला विचारणारं कुणी उरलं नाही. नाटक का असेना, मला दोन-दोनदा विचारल्याशिवाय ह्या माणसाने खिशातून पैसा काढला नाही. आता सकाळी दूध अर्धा लिटर घ्यायचं की पाव, एवढंही मी एकटी ठरवते, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्या दिरांनी करीमभाईंना बोलावलं. लेथ गंजून जाण्यापेक्षा विकलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. चूक नाहीच. कुलूप उघडलं. करीमभाईंनी मशीनवरून हात फिरवला आणि आकडा सांगितला.

"नको," मी म्हणाले.

त्यांनी वाढवला. मी पुन्हा नको म्हणाले. त्यांनी आणखी वाढवला. दीर खूश होऊन माझ्याकडे बघत होते, वहिनी कसलेली निघाली म्हणून. मी भाव करतच नव्हते. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

"बरं," करीमभाई म्हणाले, "मी चहा घेऊन येतो. तुमी इचार करा."

ते समोरच्या टपरीवर जाऊन बसले. मी आत स्टुलावर बसले, फोन मांडीवर घेऊन. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि मधल्या मोकळ्या जागेतून करीमभाई दिसत होते. चहा केव्हाच संपला होता, तरी ते उठत नव्हते. त्यांच्याही हातात फोन होता.

बऱ्याच वेळाने ते दारात आले. "वहिनी, येवढ्यात भास्करशेठनी दुसरा फोन लावला असता."

मी चपापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"लई वर्सांपास्नं. दुसऱ्या फोनला तुमी हो म्हनायच्या, ह्ये समद्या बाजाराला ठाऊक हाय."

"मग भाव का उतरवायचात?"

"त्यांचं तोंड बघायचं हुतं तुमी. भाव उतरला की लहान पोरावानी खूश..." त्यांनी लेथवर हात ठेवला. मग म्हणाले, "आता मला सांगा, ह्ये तुमचं 'नको' पयलं का दुसरं?"

"आता एकच असतं, करीमभाई," मी म्हणाले.

त्यांनी पुढचा आकडा सांगितला नाही. दीर काही बोलायला लागले, त्यांना करीमभाईंनी खांद्यावर हात ठेवून बाहेर नेलं, आणि मी मशीनजवळ बसून मोठ्याने रडले.