सरांच्या पोटावरची थाप

परवा पौडला आमच्या कॉलेजच्या जिन्यात एक माणूस समोर आला आणि मी पायरीवरच थबकले. ते आमचे जीवशास्त्राचे सर होते. त्यांच्या शर्टात आता आणखी एक माणूस सहज मावला असता.

लिपिड शिकवताना सरांना फळा लागायचा नाही. ते तीन बोटं ताठ करून हात वर धरायचे. "मनगट म्हंजी ग्लिसरॉल, ही तीन बोटं म्हंजी फॅटी ॲसिडं. झाली चरबी!" मग पोटावर सणसणीत थाप. "आन् साठा हितं! खायला न्हाई मिळालं तरी तुमच्या सराला काय होत न्हाई." पोरं बाकं बडवायची. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचे; माझी कविता त्या गोंगाटात बुडायची आणि मी जाम वैतागायचे.

तेच सर आजारपणाच्या रजेवरून परतले होते. मी म्हटलं, "सर, अजून थोडं घरीच थांबायचं ना."

"धडा राहिलाय, मॅडम," म्हणाले आणि कठड्याला धरत वर गेले.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून सरांच्या आवाजात मनगट आलं, तीन बोटं आली. मी खडू हातात धरून थापेची वाट पाहत राहिले. थाप ऐकूच आली नाही. वर्गही चिडीचूप.

"हसा की रं," सर म्हणाले. "साठा कशापायी असतोय? त्यो व्हता, म्हणून आज हितं उभा हाय."