फोनमधल्या वर्दीचा हुकूम

"थोबाडीत मार तिच्या," फोनमधला माणूस म्हणला. अन् माझ्या बापानं मारली.

कानाखाली जाळ निघाला. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती मी. परभणीत कापडाच्या दुकानात कामाला हाय. दुपारी जेवायला घरी आले, तर आतून कडी. लय ठोकल्यावर आबानं दार उघडलं. अंगात नुसतं बनियन, घामानं चिंब. फळीवर फोन उभा करून ठेवलेला. त्यात खाकी वर्दी.

"कोण हाय हे?" एवढंच विचारलं मी. त्यावर ती थोबाडीत.

"आता पुन्हा कान धर," तो म्हणला. धुतल्यासारखी शुद्ध मराठी. "कॉल तोडलास तर उचलून नेऊ. पोरीलाही."

आबानं कान धरले.

सकाळपासून उभं ठेवलं होतं त्याला. म्हणे, आबाच्या आधार कार्डावर पार्सल सापडलं, त्यात गांजा. म्हणे, फोनवरच अटक झाली. कुणाला सांगायचं न्हाई. पाणीसुद्धा विचारून प्यायचं. अन् मग बँकेत जाऊन होतं नव्हतं ते तपासणीसाठी त्यांच्या खात्यात टाकायचं. जात विचारली. आडनावावरून कळलीच होती, तरी आबाच्या तोंडून वदवून घेतली. मग हसला.

"तुम्ही लोक हेच धंदे करणार."

मी फोनकडं हात नेला. आबानं माझे केस धरले अन् डोकं भिंतीवर आपटलं. या वेळी कुणी न सांगता. ओठ फुटला. तोंडात रक्त आलं.

"गप. सायब हायत," आबा म्हणला.

सायब. जिंतूरकडं कापसाच्या जिनिंगवर राखणीला होता आबा. फाटक उघडायला उशीर झाला म्हणून मालकानं एकदा त्याला असंच कान धरून उभं केलं होतं. मी लहान. हातात त्याचा डबा. हमाल बघायले, मालकाची लेकरं गाडीतून बघायली. कुणी ब्र काढला न्हाई. मीबी न्हाई. या चोरानं नवं काहीच केलं न्हाई. आमच्या हाडात पिढ्यानपिढ्या कोंबलेलं भ्या त्याला आयतं सापडलं.

भिंतीला टेकून रक्त पुसत होते, तवा फोनमधून दुसरा आवाज ऐकू आला. वर्दीवाल्याच्या मागून. कुणाला तरी सांगत होता, "तुमच्या नावावर पार्सल सापडलं आहे." तेच वाक्य. तोच दरारा.

उठले. फोन हिसकला.

"मागचा कुणाला अटक करायलाय?" मी म्हणले. "ठाणं सांग तुझं. मी आत्ता चालत येते."

त्यानं आईवरून शिवी दिली. मग जातीवरून. वर्दीतली मराठी गळून पडली. मी कॉल तोडला.

फोन लगेच परत वाजायला लागला. आबा अंगावर धावून आला. मी त्याची दोनी मनगटं धरली. बापाचे हात. धरून ठेवले.

"पोलीस फोनवर अटक करत न्हाईत, आबा. पैसे टाका म्हणत न्हाईत. चोर हाय त्यो."

"अन् खरंच सायब असला तर?"

"खरा असला तरी कान धरायचे न्हाईत."

आबा खाली बसला. स्वतःच्या हाताकडं बघत राहिला.

तक्रार केली. शेजारी म्हणले, बरं झालं, काही गेलं न्हाई. काही गेलं न्हाई? ज्या बापानं कधी बोट लावलं न्हाई, त्यानं एका चोराच्या हुकमानं लेकीचं तोंड फोडलं. आबा आजबी जेवताना माझ्या तोंडाकडं बघत न्हाई.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या बुद्ध विहारात उभी राहिले. सुजलेल्या ओठानं सगळं सांगितलं. शिवी सांगितली, थोबाडीत सांगितली. आबा मागं बसला होता, मान खाली घालून. एक म्हातारे काका म्हणले, "घरची गोष्ट चारचौघांत कशाला, बाई?"

"चोर म्हणला होता, कुणाला सांगू नका," मी म्हणले. "तुमीबी तेच म्हणायलेत, काका."

मग एक बाई उठली. म्हणली, "मलाबी आला होता." तिच्या मागं आणखी एक उठला.

आता मी घरोघर जाते. सांगते, दम देणारा फोन आला की आधी तोडा, मग दार उघडा, मग वरडा. कुणी म्हणतं, लय आगाऊ पोरगी. म्हणू द्या. माझ्या वस्तीत यापुढं जो कुणी सायब होऊन बोलंल, फोनात असो की दारात, त्याला आधी विचारणार, तू कोण. अन् उत्तर मिळस्तोवर त्याच्या हुकमावर वस्तीतल्या एकालाबी जाग्यावरून उठू देणार न्हाई.