मामांची तहान

फोन आला तेव्हा मी ब्लाऊजला अस्तर लावत होते. टेंभुर्णीच्या दवाखान्यातून माझे पती संतोष बोलत होते. "आबा गेले," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला, राहिलेली शिलाई पूर्ण केली, दोरा कापला, ब्लाऊजची घडी घातली... आणि मग उठून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायला गेले. त्याला आता महिना उलटून गेला. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, सून मोठी धीराची. धीर कसला! दात काढताना भूल दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय.

मामा म्हणजे माझे सासरे, संतोष यांचे आबा. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांचं उभं आयुष्य मालट्रकवर गेलं. करमाळ्याजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा घरच्या बोअरचं पाणी इतकं खारं होतं की तोंडात धरवत नसे. पण पहिल्या दिवशी माझ्यासमोर जो तांब्या आला त्यातलं पाणी गोड होतं. मामांनी ते टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या झऱ्यावरून आणलेलं होतं. तिथं रस्ता माळाच्या कडेनं वळतो, आणि वळणावरच खडकाच्या कपारीतून पाणी बाहेर येतं. कुणीतरी कधीकाळी त्याला दगडाची पन्हळ बसवलीय. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते, पण तुटत नाही. ट्रकवाले, मेंढरंवाले, रस्त्यानं जाणारे सगळेच तिथं थांबतात. मामा पन्हळीखाली कॅन लावायचे आणि तो भरण्याआधी उकिडवे बसून ओंजळीनं पाणी प्यायचे. घाई नसायची. पिऊन झालं की ओले हात चेहऱ्यावरून, मानेवरून फिरवायचे आणि मगच इकडंतिकडं बघायचे.

पुढं गावात जारचं पाणी आलं, तरी आमच्या घरात झऱ्याचंच राहिलं. ट्रक सोडल्यावर मामांनी एक जुनी चारचाकी घेतली आणि मला चालवायला शिकवली. आत्याबाई दारातून ओरडायच्या, "तिला कशाला वो? कुटं जायचंय तिला?" मामा म्हणायचे, "झऱ्यावर जाईल की. क्लच हळू सोड पोरी, ट्रक न्हाय हा." रस्त्यावर मी एकटीनं नेलेली पहिली गाडी त्या झऱ्यापर्यंतच गेली होती.

मग मामांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. पायांना सूज, छातीत पाणी... डॉक्टरांनी सांगितलं, पाणी मोजूनच प्यायचं, चहा-आमटीसुद्धा त्यातच धरायची. आत्याबाईंनी एक छोटं फुलपात्र त्यांच्यासाठी वेगळं काढलं. मामा घोट घेतल्यावर तो बराच वेळ तोंडात धरून ठेवायला लागले.

संतोष चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यामुळं मामांना टेंभुर्णीला न्यायचं काम माझ्याकडं आलं. झरा वाटेतच. मी गाडी न थांबवता पुढं नेऊ लागले, तर मामा म्हणाले, "थांबीव की. तुमाला पाणी लागंल न्हाय का?" कॅन भरेपर्यंत ते दगडावर बसून धारेकडं बघत राहायचे. त्यांना गाडीत बसा म्हणायचं धाडस मला होत नव्हतं.

एकदा ऐन उन्हाळ्यात तिथं एक मेंढपाळ बाई मेंढरं घेऊन थांबली होती. मामांना दगडावर बसलेलं बघून तिनं आपला जर्मनचा तांब्या भरून पुढं केला. "प्या की वो दादा. लई गार हाय."

मामांनी तांब्या हातात घेतला. दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ बसले, मग तिला परत दिला. "म्या लई पिलोय, बाई."

गाडीत बसल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खोटं न्हाय बोललो. लई पिलोय की आजवर." आणि थोड्या वेळानं, "पर तोंड ऐकत न्हाय, पोरी."

त्या दिवशी दवाखान्यात मी सिस्टरना बाहेर गाठलं आणि विचारलं, यांना कधीतरी एकदा पोटभर पाणी देता येईल का? त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, पोटभर नाही, पण मशीन सुरू झाल्यावर लगेच एखादा पेला प्यायले तर चालेल, मशीन ते काढून घेईल. मी धावत गाडीकडं गेले आणि कॅनमधलं झऱ्याचं पाणी पेल्यात घेऊन आले. मामांनी पेला रिकामा केला आणि मान मागं टाकली. डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. "काय होतंय मामा?" मी घाबरून विचारलं. "काय न्हाय," ते म्हणाले, "भिजलो."

त्यानंतर दर खेपेला जाताना झऱ्यावर बाटली भरायची आणि मशीन लागलं की त्यांना द्यायची, असं ठरूनच गेलं. त्या पेल्यावर मामा दोन वर्षं जगले असं मी म्हणणार नाही. पण दवाखान्याच्या दिवशी सकाळी ते स्वतःहून अंघोळ करून तयार बसायचे, एवढं खरं.

शेवटच्या दिवशी संतोषना सुट्टी होती, म्हणून ते घेऊन गेले. मशीनवरच मामांचं हृदय थांबलं. तेरावा झाल्यावर मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी पाणी दिलं होतं?"

"व्हय," संतोष म्हणाले. "सावकाश पिले. मग डोळे मिटले. मला वाटलं, नेहमीसारखंच..."

काल दुपारी आत्याबाई तांब्या भरून मागच्या दारानं बाहेर जाताना दिसल्या. परसात भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि पाणी प्यायल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांच्यासमोर कसं प्यायचं, म्हणून हितं यायची." दोन वर्षं त्या असंच करत होत्या आणि घरात कुणालाच कळलं नव्हतं. मी त्यांना हात धरून आत आणलं, जमिनीवर बसवलं, तांब्या पुन्हा भरून समोर ठेवला. म्हटलं, "आता हितंच प्या की, आत्याबाई."

त्यांनी तांब्या उचलला. मामांच्या रिकाम्या कॉटकडं बघितलं... आणि उठून परसात गेल्या.