लाल पापुद्रा

जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. रशियात जन्मलेल्या जर्मन, नव्वदच्या दशकात इकडे आलेल्या. मला त्या 'हेर नाखबार' म्हणायच्या, म्हणजे शेजारीबुवा. येताना त्यांनी आपल्या आजोबांची एक डबी आणली होती. कागदाच्या लगद्याची, बाहेरून काळं रोगण, आतून लाल. झाकणावर बर्फातून माघार घेणारी फ्रेंच फौज. एका घोड्याच्या नाकातली वाफसुद्धा रंगवलेली होती. ही डबी त्या नातीला लग्नात देणार होत्या. त्याआधी बहिणीला पाठवायला फोटो हवे होते, आणि माझ्याकडे चांगला कॅमेरा होता, म्हणून डबी मी वर घरी आणली होती.

डबी परत द्यायची ठरली त्या दिवशी संक्रांत होती. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सवय माझ्या हाडात आहे. बायको लाडू वळत होती. प्लास्टिकच्या डब्यात दे, निदान गार तरी होऊ दे, असं ती म्हणाली. मी ऐकलं नाही. सहा लाडू डबीत भरले, झाकण दाबून लावलं आणि खाली गेलो. आजी बाहेर गेल्या होत्या. तासाभराने पुन्हा गेलो.

त्यांनी लाडू बशीत काढले. शेवटचा तळाला चिकटला होता, तो चमच्याने सोडवला. त्याच्या बुडाला नखाएवढा लाल पापुद्रा होता. आजी चष्मा शोधत होत्या. मी तो लाडू उचलला आणि पापुद्र्यासकट खाऊन टाकला. मग तिळगूळ देताना आम्ही गोड बोला म्हणतो, ते त्यांना समजावून सांगितलं. त्या खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. झाकण फुगून वाकडं झालं होतं, बसत नव्हतं. घोड्यांमधून बारीक तडे गेले होते. रात्री त्यांनी डबी खिडकीत, हीटरच्या वर ठेवली होती.

"साठ वर्षं सांभाळली आणि शेवटी हायत्सुंगवर ठेवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही इंजिनिअर ना, हेर नाखबार? उष्णतेने असंच होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "असंच होतं."

फ्रांकफुर्टच्या एका कारागिराला मी ती डबी दाखवली. तडे बुजवीन, पण मग घोडे माझ्या हातचे होतील, असं तो म्हणाला. आजी नको म्हणाल्या. नातीला त्यांनी लग्नात चादरी दिल्या.

सांगणार आहेस की नाही, असं बायको विचारत राहिली. नंतर तिने विचारणं सोडलं.

दोन वर्षांनी आजी वृद्धाश्रमात गेल्या. एका रविवारी तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. गरम लाडू, पापुद्रा, तो मी खाल्ला, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझा हात थोपटला.

"नाही हो. हायत्सुंगच होती ती. म्हातारीचा दोष तुम्ही अंगावर घेताय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तेवढ्यात कॉफी घेऊन नर्स आली. आजींनी तिला सांगितलं, बघ, असा शेजारी कुठे मिळत नाही.

निघताना त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. रिकामं पाठवायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकले, म्हणाल्या. मी तो घेतला.